पोक्सो: शिक्षा वाढली, आता वेग हवा

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी गोव्याने २००३ मध्येच बाल कायदा केला होता. देशभरासाठीचा पोक्सो कायदा मात्र लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ रोजी.

२०१९ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्याला पूर्वी किमान ७ वर्षांची कैद होती, ती १० झाली. मूल १६ वर्षांखालील असेल, तर किमान २०. पोलीस, शिक्षक किंवा जवळचा नातेवाईक, म्हणजे ज्यांच्या भरवशावर मूल असतं, त्यांनीच असा गुन्हा केला तर किमान २० वर्षं, आणि फाशीचीही तरतूद आहे.

शब्दांचा अर्थ कसा लावला जातो, यावरही बरंच अवलंबून असतं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेचा थेट स्पर्श नसल्याने एका आरोपीला पोक्सोतून मुक्त केलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: महत्त्वाचा तो लैंगिक हेतू, कपडा आड आला की नाही हे नव्हे. हा निकाल फार मोलाचा वाटतो.

खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असंही कायदा सांगतो. शिक्षेच्या आकड्यांइतकाच आग्रह आपण या मुदतीसाठी धरला पाहिजे, कारण तोवर ते मूल सुनावणीची वाट पाहत वाढत असतं.

अत्याचार माहीत असूनही न कळवणं हाही गुन्हा आहे. पोलिसांना कळवा, किंवा १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा.