मारही दिला आणि किल्लीही
(जीर्णोद्धार सोहळ्यात नव्या सभामंडपात झालेले भाषण)



मंदिराच्या कामाविषयी माझ्याआधीचे वक्ते पुष्कळ बोलले. समितीने मला मुलांच्या वळणाविषयी बोलायला सांगितले आहे. मास्तरकी केली म्हणून सांगितले असावे. पण बाप म्हणून मी नापास आहे.

माझा धाकटा दहावीत असताना मोटारसायकलीसाठी हटून बसला. मी नाही म्हटले. त्याने ताट सरकवले आणि आईला म्हणाला, "तुला काय कळतंय?" मी पाहुण्यांदेखत त्याच्या मुस्काटात दिली. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मीच गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. पोरगा काय शिकला? बाबांचा नकार दोन दिवस टिकतो! पुढे काहीही हवे असले की ताट सरकवायचे.

आता तर कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले. त्या विचारात माराला जागा नव्हती, तशी लालुचीलाही नव्हती. मी मास्तर असून दोन्ही एकाच आठवड्यात केले.

परवा नातवाने मोबाईलसाठी तोच प्रकार केला. सूनबाई आवाज न चढवता म्हणाली, "राग आला ते कळलं. मोबाईल रात्री मिळणार नाही, आणि माझ्याशी असं बोलायचं नाही. जेवण झाकून ठेवते." पोराने घर डोक्यावर घेतले. माझा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. आजोबाच ना मी! सूनबाईने नुसते पाहिले. हात मागे आला. दुसऱ्या रात्री तर त्याचा आवाज आणखी चढला. ही वेळ फार कठीण. बहुतेक घरे इथेच हार खातात. चौथ्या रात्री तो स्वतः ताट घेऊन आला. तिने मागचे काही उकरून काढले नाही, भाजी वाढली.

आणि एक राहिले. "तुला काय कळतंय" हे धाकट्याचे शब्द नव्हते. त्याच्या आईला ते मीच रोज ऐकवीत होतो. ती समोर बायकांत बसली आहे. इतक्या वर्षांत जे बोललो नाही ते आज सर्वांदेखत बोलतो: माझे चुकले.