खुर्ची उलटी करून बघा

आमच्या अंबडच्या बचत गटाकडे दहा जुन्या लोखंडी खुर्च्या होत्या. गंजल्या म्हणून सहा आम्ही भंगारात किलोवर दिल्या. पाय शाबूत होते, हे नंतर ध्यानात आलं.

१९५३ साली नेदरलँड्समध्ये फ्रिसो क्रामर यांनी 'रिव्होल्ट' नावाची खुर्ची घडवली. तिचे पाय नळीचे नाहीत, पत्रा दुमडून केलेले. सपाट पत्रा वाकतो, दुमडला की ताठ होतो. एमआयडीसीत प्रेसवर काम करणाऱ्या आपल्या बायांना हे सांगायला नको. रोजच्या वापराची साधी खुर्ची ती. आज तिचे जुने नग शौकीन लोक शोधून चांगल्या किमतीला घेतात.

आपल्या खुर्चीला तसा भाव येणार नाही. पण पाय ताठ, तर खुर्ची कामाची. उरलेल्या चार आम्ही पॉलिश पेपरने घासल्या, रेड ऑक्साईड मारून रंग दिला, बसायला नवा प्लाय स्क्रूने बसवला. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणून बैठकीला न येणाऱ्या चार मावश्या आता येतात. बाकीच्यांना अजून खुर्ची नाही. त्या सहा तेव्हाच गेल्या.

म्हणून सांगतो, विकण्याआधी खुर्ची एकदा उलटी करून पाय बघा.