दात हवेत की सपाट धार? लोडरची बकेट निवडताना

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर बाप्या माणसांचं काम. पण आपल्या बऱ्याच गटांनी आणि ग्रामसंघांनी अवजारे बँक सुरू केली आहे, काही करायच्या विचारात आहेत. ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर आलं. आता ट्रॅक्टरच्या पुढे बसवायचा लोडर घ्यावा असा विषय बैठकीत निघतो. दुकानदार पहिलाच प्रश्न विचारतो, "बकेट दातवाली देऊ की प्लेन?" इथे बैठक गप्प होते. सगळ्या जणी ड्रायव्हरकडे बघतात, नाहीतर कोणाच्या तरी घरच्या माणसाकडे. कर्ज गटाच्या नावावर, हप्ता आपल्या बचतीतून, आणि निवड मात्र दुसऱ्याची! म्हणून आज या एकाच प्रश्नावर बोलू.

तसं पाहिलं तर याचं उत्तर आपल्या घरीच आहे. आपल्याकडे कुदळ असते आणि फावडं असतं. कडक जमीन खणायची तर आपण कुदळ घेतो. मोकळी माती, शेणखत, रेती घमेल्यात भरायची तर फावडं घेतो. कुदळीनं घमेलं भरत नाही आणि फावड्यानं मुरूम फुटत नाही. दातवाली बकेट म्हणजे कुदळीचा स्वभाव, सपाट धारेची बकेट म्हणजे फावड्याचा स्वभाव. एवढं लक्षात राहिलं तरी दुकानात कोणी फसवू शकणार नाही.

आता दात नेमकं काय करतात ते पाहू. समजा बकेट सहा फूट रुंद आहे, म्हणजे ७२ इंच. सपाट धारेची बकेट जमिनीत घुसवताना ट्रॅक्टरचा सगळा जोर त्या ७२ इंचांवर वाटला जातो. त्याच बकेटीला अडीच-अडीच इंचांचे ७ दात लावले, तर सुरुवातीला जमिनीला फक्त साडेसतरा इंच लोखंड टेकतं. जोर तेवढाच, पण जागा चौथाई, म्हणजे दाब चौपट. गोधडी शिवताना जाड कापडातून दाभण जातो आणि बोट जात नाही, तसंच हे. म्हणून उन्हानं कडक झालेली काळी माती, बसलेला मुरूम, दगडगोटे, मुळ्यांची जमीन अशा ठिकाणी दात कामाचे.

पण दातांची दुसरी बाजूही आहे. दातांच्या मधल्या फटीतून बारीक माल गळतो. जमिनीवर चऱ्या पडतात, सपाटी होत नाही. गोठ्याच्या सिमेंटच्या फरशीवर दात घासले तर फरशीही जाते आणि दातही. खाली ताडपत्री असेल, गांडूळ खताचा प्लास्टिकचा बेड असेल, तर तो फाटतो. संत्र्याच्या बागेत ठिबकची नळी दातात अडकली की ओढून तुटते. आणि आपली ओली काळी माती तर चिकटण्यात पटाईत. ती दातांच्या खाचांत बसली की बकेट उलटी केली तरी सुटत नाही, मग ड्रायव्हर खाली उतरून सळईनं काढत बसतो.

सपाट धारेची बकेट शेणखत भरते, रेती-गिट्टी भरते, खळ्यावरचं मोकळं धान किंवा सोयाबीन गोळा करते, फरशी खरवडून साफ करते. बकेट थोडी टेकवून ट्रॅक्टर मागे घेतला तर टाकलेली माती, मुरूम पसरून सारखा होतो. पांदण रस्त्यावर मुरूम पसरवायचा असेल, तर हीच बकेट हवी. तिला जमत नाही ते एकच, कडक जमीन फोडणं.

आता आपल्या भागातलं मोठं काम घेऊ, तलावातला गाळ. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ते जास्त, आपल्या नागपूर जिल्ह्यातही आहेत. वर्षानुवर्षांचा गाळ साचून त्यांची पाणी धरण्याची ताकद कमी होते. २०१७ मध्ये राज्य सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. नव्या निर्णयात गाळ नेण्यासाठी लहान शेतकऱ्यांना मदत देताना विधवा बहिणी, दिव्यांग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांचाही विचार केला आहे. हे आपल्या गटातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवं. किती मदत मिळते, अर्ज कुठे द्यायचा, हे ग्रामपंचायतीत आणि तालुक्याला विचारून घ्या.

गाळाचं नाव निघालं की बैठकीत लगेच कोणीतरी म्हणतं, "मग दातवालीच घ्या, गाळ खणायचा आहे ना!" इथेच थोडं थांबून विचार करायचा. तलावात गाळ खणतं कोण? तिथे पोकलेन किंवा जेसीबी लावलेली असते. तीच मशीन खणते आणि तीच थेट ट्रॉलीत भरून देते. आपला ट्रॅक्टर तिथे ट्रॉली ओढायला जातो. लोडरचं काम नंतर सुरू होतं, आपल्या वावरात. ट्रॉल्या रिकाम्या करून जे ढीग पडतात ते पसरवायचे असतात, बांध्यांमध्ये सारखे करायचे असतात. म्हणजे ज्या गाळासाठी आपण दात मागतो, त्या गाळातही आपल्या लोडरला बहुतेक वेळ सपाट धारच लागते.

हे काम किती मोठं असतं त्याचा हिशेब करू. एका एकरात अर्ध्या वितीचा, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे ४०० घनमीटर गाळ लागतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रॉलीत एक ब्रास बसतो असं धरलं, तर एका एकराला जवळपास १४० ट्रॉल्या झाल्या. हे ढीग फावड्यानं पसरवायचे म्हटलं तर आपल्याच कंबरा मोडतात. म्हणून लोडर ही चैनीची वस्तू नाही. पण १४० ट्रॉल्यांचा ढीग दातवाल्या बकेटीनं पसरवला, तर सगळ्या वावरात चऱ्या पडतील आणि पुन्हा फावडं घेऊन आपल्यालाच सारखं करावं लागेल.

मग दातांची गरजच नाही का? आहे. उन्हाळाभर पडून दगडासारखा झालेला गाळाचा ढीग फोडायचा आहे, वर्षभराचा उकिरडा खालून घट्ट बसला आहे, जुना बांध हलवायचा आहे, अशा वेळी दात लागतात. त्यासाठी एक मधला मार्ग आहे. सपाट बकेट घ्यायची आणि तिच्यावर नटबोल्टनं बसणारी दातांची पट्टी वेगळी घ्यायची. काम पडलं की पट्टी लावली, काम झालं की काढून ठेवली. दोन-तीन गावांच्या गटांमध्ये अशी एक पट्टी असली तरी भागतं, कारण ती रोज लागत नाही. मात्र ती आपल्या बकेटीच्या रुंदीला बसते का आणि तिच्यासाठी धारेला भोकं आहेत का, हे बकेट घेतानाच पाहायचं.

काही जण सांगतील, "पट्टी कशाला, वेल्डिंगवाल्याकडून सळईचे दात मारून घ्या, स्वस्तात होईल." यात धोका आहे. साधं लोखंड मातीत घासून लवकर बोथट होतं. बोथट दात जमिनीत घुसत नाही, नुसतं डिझेल जाळतो. शिवाय बकेटीची धार पातळ पत्र्याची असेल, तर वेल्डिंगच्या जागी ती वाकते किंवा तडकते. तयार दात बोल्टचे किंवा पिनचे असतात. झिजला तो एकच दात बदलता येतो. सपाट धारेलाही बोल्टनं बसणारी जाड पट्टी मिळते. काही पट्ट्या एका बाजूनं झिजल्या की उलटून दुसरी बाजू वापरता येते. दुकानात हे विचाराच.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. दात लावले म्हणून ट्रॅक्टरची जेसीबी होत नाही. जेसीबीच्या मागच्या सोंडेची अरुंद बकेट खणण्यासाठीच बनवलेली असते आणि खणताना ती मशीन पाय टेकवून उभी राहते. ट्रॅक्टरचा लोडर प्रामुख्यानं उचलण्यासाठी आहे. पुढे दात दिसले की ड्रायव्हरला वाटतं, आता मारू धडक आणि फोडू बांध. त्या धडकेचा मार पुढच्या ॲक्सलवर, लोडरच्या हातांवर आणि हायड्रॉलिकवर बसतो. मोडलं की दुरुस्तीचं बिल गटाला येतं आणि हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो. कडक खोदकाम असेल तर तेवढ्या तासांपुरती जेसीबी भाड्यानं आणावी, ते स्वस्त पडतं. मुरूम काढायचा असेल तर तो गौण खनिजात येतो, तहसीलची परवानगी आधी घ्यायची.

बकेट केवढी घ्यायची? मोठी घेतली की काम लवकर होतं असं वाटतं. पण ०.४ घनमीटरच्या बकेटीत नुसतं पाणी भरलं तरी ४०० किलो होतं. ओला गाळ त्याच्या दीडपट किंवा जास्त, म्हणजे ६०० किलोच्या वर. वाळलेलं शेणखत मात्र पुष्कळ हलकं. म्हणून लोडर किती किलो उचलतो ते विचारा, आणि त्या आकड्यात बकेटीचं स्वतःचं वजन धरलं आहे का, हेही विचारा. पुढे वजन उचललं की मागची चाकं हलकी होतात. कंपनीनं सांगितलेलं मागचं वजन लावल्याशिवाय काम करू द्यायचं नाही.

ड्रायव्हर कोणीही असो, चार नियम गटाचे. भरलेली बकेट खाली धरूनच ट्रॅक्टर चालवायचा. उचललेल्या बकेटीखाली कोणी जायचं नाही. बकेटीत माणूस बसवायचा नाही, संत्री तोडायलासुद्धा नाही. काम संपलं की बकेट जमिनीला टेकवूनच ट्रॅक्टर बंद करायचा. दात असले तर लेकरं तिकडे खेळणार नाहीत याची काळजी घ्यायची. आणि संत्र्याच्या झाडाच्या घेराखाली लोडर घालू नका. अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात, ती चाकानं दबतात आणि दातानं तुटतात.

मैत्रिणींनो, निवड करायला मोठं शिक्षण लागत नाही, एक वही लागते. पुढच्या बैठकीत वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. एकावर लिहा 'भरणं आणि पसरवणं', दुसऱ्यावर लिहा 'फोडणं आणि खणणं'. मग प्रत्येकीला विचारा, वर्षभरात तुझ्याकडे लोडरचं कोणतं काम निघेल आणि किती तास? शेणखत, गाळ, धान, गोठा, पांदण, बांध, सगळं लिहा. भाड्यानं कोण बोलावेल, तेही लिहा. मग बेरीज करा. दहा तासांतले सात-आठ तास पहिल्या रकान्यात आले, तर सपाट बकेट आणि जमल्यास दातांची पट्टी. दुसरा रकाना भारी भरला, तर आधी स्वतःला विचारा, हे काम ट्रॅक्टरचं आहे की जेसीबीचं? ट्रॅक्टरला झेपणारं असेल तरच दातवाली.

ज्या बहिणीचं वावर अर्ध्या एकराचं आहे, तिचेही तास त्या वहीत लिहा. कर्जाच्या कागदावर तिचीही सही किंवा अंगठा असतो. आणि अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा विचार असेल, तर कोणती अवजारं यादीत आहेत ते कृषी कार्यालयातून पक्कं करून मगच दुकानात पैसे द्या.

वहीचं ते पान घेऊनच दुकानात जा, आणि कमीत कमी तिघी जणी जा. दुकानदारानं विचारलं, "दातवाली की प्लेन?" तर त्याला आधी आपली कामं वाचून दाखवा आणि मगच भाव विचारा.

तुमच्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला जरूर कळवा.