डोळा लागताना

(लक्ष्मी गेट, झाशी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

रात्रीची जेवणं उरकून आलेले श्रोतेहो, भरल्या पोटी बसलेल्यांपुढे झोपेवर बोलायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे. (हशा)

जागृती, स्वप्न, सुषुप्ती हे तुम्हाला ठाऊकच आहे, ते सोडून देतो. माझं म्हणणं एकच आहे आणि घरची मंडळी त्याला विटलेली आहेत. 'मी झोपलो' हे वाक्य खोटं आहे. माणूस आडवा होतो, डोळे मिटतो, इतकंच त्याच्या हातात. तहान लागते, ठेच लागते, तशी झोप लागते. मला लागते, मी तिथे कर्ता नाहीच. आणि 'डोळा लागला' घ्या. डोळे दोन, पण लागतो एकच! दुसऱ्या कुठल्या भाषेला हे सुचलं?

(श्रोत्यांतून : "आँख लग गई!")

बरं, हिंदीलाही सुचलं. झाशीत हा प्रश्न विचारायला नको होता. (हशा) पण म्हणून माझा मुद्दा पडत नाही. उलट दुसरा साक्षीदार मिळाला.

साक्षीदार लागतोच, कारण ज्याला झोप लागते त्याला पत्ता नसतो. अमेरिकेतले निद्राभ्यासक विल्यम डिमेंट यांनी एका पेंगुळलेल्या माणसाच्या पापण्या चिकटपट्टीने उघड्या ठेवल्या. तोंडासमोर दिवा, चमकला की बटण दाबायचं. एकदा दिवा चमकला आणि याने बटण दाबलं नाही. विचारलं, का? तर म्हणे, चमकलाच नाही! मेंदूच्या आलेखात दोनेक सेकंदांची झोप उमटली होती. डोळे सताड उघडे.

काल संध्याकाळी या गेटातून महालक्ष्मीच्या देवळाकडे, तळ्यावर निघालो, तेव्हा हेच डोक्यात होतं. १८५८ चा मार्च, शहराला वेढा, तटावर पहारे. ३ एप्रिलला इंग्रज आत शिरले. वरसईचे गोडसे भटजी तेव्हा इथेच होते, 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं. पण तटावर उघड्या डोळ्यांनी कुणाचा किती वेळा डोळा लागला, हे कोण लिहिणार?

म्हणून रात्री स्वतःवरच प्रयोग केला. चित्रकार साल्वादोर दालीची युक्ती : खुर्चीत बसायचं, बोटांत जड किल्ली, खाली पालथी ताटली. झोप लागली की किल्ली पडते आणि आपण जागे. मला किल्ली मिळेना. यजमानांच्या घरातल्या काकूंची पितळी पळी घेतली, खाली परात पालथी घातली. आधी फरशीचा गारवा गेला. मग हात कुठे संपतो आणि पळी कुठे सुरू होते ते कळेना. पंख्याची घरघर म्हणजे कुणीतरी शेजारी पुटपुटतंय, आणि त्या पुटपुटण्यातून स्वच्छ वाक्य आलं : 'तिकिटाला दही लावून ठेवा, नाहीतर ग्वाल्हेर आंबेल.' मंडळी, मला ते पटलं! विसरू नये म्हणून मी ते घोकायलाही लागलो, आणि धाडकन परात वाजली. मांजर शिरलं समजून काकू काठी घेऊन आल्या. "काय हवं होतं?" मी म्हटलं, "ग्वाल्हेर." (मोठा हशा)

हसा, पण त्याला कारण आहे. बाहेरच्या खबरी आत पोचवणारा थॅलॅमस आधी मंदावतो, मेंदूचं बाह्यक त्यानंतर, काही वेळा कित्येक मिनिटांनी. फ्रान्समध्ये २०१० साली हे नोंदलं गेलं. वेस बंद झाली तरी आतला बाजार उठलेला नसतो. मग आहे त्याच मालाची...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. इतक्यात? मघाशी हशा झाला तो वेळ धरू नका. असो. पॅरिसचा प्रयोग, २०२१ : गणितातली छुपी युक्ती शोधायची. जाग आणि झोपेमधल्या या उंबरठ्यावर निदान पंधरा सेकंद घालवलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना ती सापडली, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. त्याहून खोल झोपेत गेलेल्यांना तो लाभ मिळाला नाही. पायरी चुकल्यासारखा अंगाला झटका बसतो, त्यावर बोलायचं राहिलं. दुसऱ्या रांगेतले गृहस्थ मघापासून मान हलवताहेत. ती संमती की पेंग, हे त्यांना नका विचारू, शेजाऱ्याला विचारा. (हशा)

काकू समोरच बसल्या आहेत. पळी जागेवर ठेवली आहे. दांडा जरा वाकलाय, तो सकाळी सरळ करून देतो.