टाळ वाजत राहतो तेव्हा



या व्याख्यानमालेत माझ्याआधीच्या वक्त्यांनी संतसाहित्यावर, नाटकावर, गोमंतकाच्या इतिहासावर विचार मांडले. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, तेव्हा माझ्याकडूनही तशीच अपेक्षा असणार. पण आज मी एका प्रवासाविषयी बोलणार आहे. डिचोलीहून पंढरपूरपर्यंतचा, तीनशेहून अधिक किलोमीटरचा, मोटारीने केलेला. बरोबर मुलगा, सून आणि दोन नातवंडे. नातू अकरा वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. नात आठ वर्षांची, तिचे लक्ष एका जागी टिकत नाही आणि पायही टिकत नाहीत.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' असा शब्द रूढ झाला आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या अवस्थेचा समावेश झाला. भाषेचा शिक्षक म्हणून मला मात्र हा शब्द अपुरा वाटतो. स्वतःत मग्न असलेल्याला बाहेरचे काही ऐकू येत नाही, असा त्याचा ध्वनी. माझ्या नातवाला उलट सगळेच ऐकू येते. पंख्याची घरघर, शेजारचा मिक्सर, रस्त्यावरचा हॉर्न, आपले बोलणे. सगळे एकाच वेळी आणि सारख्याच मोठ्याने.

हे मला फार उशिरा कळले. तो सहा वर्षांचा असताना आम्ही त्याला पेडण्याच्या पुनवेला नेले. सुनेचे माहेर पेडण्याचे. तरंगे निघाली, ढोल वाजू लागले, गर्दी दाटली आणि पोराने दोन्ही कान दाबून जमिनीवर अंग टाकले. पुनवेला माणसे कोणकोणत्या समजुती घेऊन येतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "याला लागलंय काहीतरी, पुढे न्या." मी त्या माणसाला काही बोललो नाही. मला लाज वाटली, आणि ती त्या माणसाची नव्हे, नातवाची वाटली. त्यानंतर लग्न असो, मुंज असो, शिरगावची लईराईची जत्रा असो, "त्याला घरीच ठेवूया" हे वाक्य घरात मीच म्हणत आलो.

कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर पंढरपूरला जायचे ठरले, तेव्हाही मी तेच म्हणालो. सून जेवण वाढत होती. हातातला डाव तसाच धरून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊन या. आम्ही दोघं घरी राहतो. फक्त कोणी विचारलं, तर 'आम्ही सगळे गेलो होतो' असं सांगू नका."

त्यावर मला उत्तर नव्हते. सगळ्यांनी जायचे ठरले.

तयारी तिनेच केली, पंधरा दिवस आधीपासून. एका लांब पट्टीवर तिने चित्रे लावली. घर, साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटीचा चहा, बेळगाव, मिरजेचा मुक्काम, पंढरपूर. एक टप्पा झाला की नातवाने ते चित्र काढून डब्यात टाकायचे. बरोबर त्याची रोजची चादर, थर्मासमध्ये उकड्या तांदळाची पेज, आवाज अडवणारे हेडफोन, खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेले कार्ड. पहाटे पाचला निघायचे आणि दर दीड तासाने थांबायचे. नातीला काम दिले होते. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचून वहीत लिहायचे आणि गाडी थांबली की तिच्याभोवती दहा फेऱ्या धावायच्या. मी थट्टेने म्हटले, "देवाला चाललोय की मोहिमेवर?"

पण विचार करा, आळंदीहून निघणारी माउलींची पालखी तरी वेगळी कुठे चालते? तिथी ठरलेली, विसावा ठरलेला, मुक्काम ठरलेला. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीची जागा नेमलेली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. पुढे काय आहे हे माहीत असते, म्हणून एवढी माणसे निर्धास्त चालतात. माझ्या नातवाला तेवढेच हवे होते.

घाट चढून जांबोटीला पोचलो, तर चहाचे दुकान बंद. आम्ही पुढे निघालो आणि नातू ओरडू लागला, डोके काचेवर आपटू लागला. मी मागे वळून दरडावले. सुनेने गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन बंद करवले आणि ती त्याला घेऊन गवतावर बसली. एक शब्दही बोलली नाही. दोन मोटारसायकलवाले थांबून पाहू लागले. माझा मुलगा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाला, "मुलाला त्रास होतोय, जरा मोकळं सोडा त्याला." ते निघून गेले. एवढे एक वाक्य मला पुनवेच्या गर्दीत सुचले नव्हते.

वीस मिनिटांनी नातवाने पट्टीवरच्या कपबशीवर बोट ठेवले. सुनेने त्या चित्रावर फुली मारली आणि शेजारी थर्मास काढला. आम्ही तिथेच पेज प्यालो. चित्र डब्यात गेले, गाडी निघाली.

पालखी मुक्कामी पोचली की समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात आणि मगच आरती होते. वर्गात हे मी कित्येक वर्षे सांगितले. घरात मात्र माझ्या नातवाचा टाळ वाजत होता आणि मी त्याला गप्प बस म्हणत होतो.

पंढरपुरात मुखदर्शनाची रांग लहान होती. तरीही महाद्वाराच्या गजबजाटात नातू पाय रोवून उभा राहिला. आम्ही त्याला ओढले नाही. बाकीची तिघे आत गेली, मी त्याला घेऊन चंद्रभागेच्या वाळवंटात बसलो. आषाढीला कळसाचे दर्शन घेऊन परतणारे वारकरी थोडे नसतात. आम्हीही तेवढेच घेतले. त्याने वाळूत बराच वेळ रेघा ओढल्या, मग शेवटचे चित्र काढून डब्यात टाकले. कोणी विचारले तर आता मी सांगतो, आम्ही सगळे गेलो होतो.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. दिव्यांगांचा असा उत्सव आपल्या राज्यात व्हावा, याचा अभिमान आहे. पण वर्षाचे बाकीचे दिवस ही मुले आपल्या आळीत, आपल्या मांडवात, आपल्या देवळात असतात, किंवा आपण त्यांना तिथे आणत नाही. म्हणून मंडळाला एक विनंती करून थांबतो. पुढच्या वर्षीपासून या सभागृहात दाराजवळच्या दोन-चार खुर्च्या अशा कुटुंबांसाठी राखून ठेवा, म्हणजे उठून जाता येईल आणि परतही येता येईल. आणि भाषण चालू असताना मागून एखादे मूल ओरडले, तर वक्त्याने क्षणभर थांबावे. चोपदारही थांबतात.