वर्गात 'सैराट'



नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. त्याची गाणी आपल्या ग्वाल्हेरच्या वरातींतही वाजली आणि मराठीचा गंध नसलेली पोरेही 'झिंगाट'वर नाचली. हा चित्रपट अकरावीच्या वर्गात दाखवावा असे मी म्हणतो, तेव्हा पुष्कळ जण लगेच मान डोलावतात. म्हणतात, दाखवा, म्हणजे पळून गेल्यावर काय होते ते मुलांना कळेल. माझा वाद या होकाराशी आहे. नकार देणाऱ्या पालकाशी बोलता येते. त्याला भीती वाटत असते आणि ती समजण्यासारखी असते. पण शेवटच्या खुनाकडे बोट दाखवून "बघा, असे होते" म्हणणारा शिक्षक मारेकऱ्यांचाच निरोप वर्गात पोचवतो. त्यांनाही मुलांना नेमके हेच सांगायचे होते.

मग दाखवायचा कशासाठी? आपल्याकडच्या मुलांना याचे उत्तर सोप्या वाटेने सापडते, कारण त्यांतल्या अनेकांनी 2018चा हिंदी 'धडक' आधीच पाहिलेला असतो. घरी मराठी, शाळेत हिंदी अशी ही मुले. करमाळ्याकडची आर्चीची बोली ऐकून ती प्रथम हसतात. आपल्या आजीची मराठी आणि ही मराठी एकच का, असा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि त्यावर एक अख्खा तास गेला तरी तो वाया गेला असे मी मानत नाही. हसू ओसरले की दोन्ही चित्रपट शेजारी ठेवायचे. 'धडक' उदयपूरला गेला, तिथले महाल आणि तलाव आले, आणि जात मात्र मागे सरकली. राहिले ते श्रीमंत-गरीब आणि बापाचे राजकारण. मुलांना विचारावे, काय गळले? नुसते एवढे विचारले तरी वर्ग जागा होतो. चंबळच्या दोन्ही काठांवर वाढलेल्या मुलाला आडनावावरून काय काय ओळखले जाते, हे आपण शिकवायची गरज नसते.

'सैराट'मध्येही एक वर्ग आहे. नवे प्राध्यापक शिकवत असताना पाटलांचा प्रिन्स मोबाइलवर बोलत बसतो. हटकल्यावर उठून त्यांच्या थोबाडीत मारतो. हे दृश्य मी थांबवून दाखवतो. प्रेमकथेत त्याचे काम काय? शेवटच्या प्रसंगात हाच प्रिन्स बहिणीच्या दाराशी भेटवस्तू घेऊन उभा राहतो, हे मुले स्वतः जोडतात. भर वर्गात गुरूवर हात उचलूनही ज्याचे काही बिघडले नाही, त्याला पुढे कोण अडवणार?

खरा अभ्यास उत्तरार्धात आहे, आणि नेमका तिथेच प्रेक्षक कंटाळतो. गाणी संपतात. हैदराबादची झोपडपट्टी, परशा डोशाच्या गाडीवर, आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणाऱ्या, घरात पाण्याचा पेलाही न उचललेल्या मुलीला संडासाच्या वासाने मळमळते. ती तेलुगू शिकते, कमावू लागते. आणि ज्याच्यासाठी घर सोडले तो परशा संशय घेतो, हात उचलतो. ती निघून जाते, आगगाडीत बसते, आणि मग परत येते.

इथे मुलींचे आणि मुलांचे पटत नाही. मुलगे म्हणतात, त्याने माफी मागितली, संपले. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, तिला परत जायला दुसरे घर कुठे होते?" त्या प्रश्नानंतर मी बराच वेळ काही बोललो नाही. माहेराने दार लावले की नवऱ्याची थप्पड स्वस्त होते, हा हिशेब तिने एका वाक्यात मांडला होता. बाहेरून जात छळते ते सगळ्यांना दिसते. प्रेमाच्या आतही मालकी शिरते, आणि ती प्रिन्सच्या मालकीची सख्खी बहीण आहे, हे या अर्ध्या तासाशिवाय शिकवता येत नाही. पूर्वार्धातले परशाचे आर्चीच्या मागे मागे फिरणेही मग मुले पुन्हा तपासतात. तिथे आर्चीला तो आवडत होता. ती स्वतः पुढाकार घेत होती. नसता आवडला तर तेच फिरणे काय ठरले असते?

व्यवहाराचे थोडे. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे आणि आपली तासिका चाळीस मिनिटांची. पाच भाग करावे लागतात. पालकांना आधी चिठ्ठी द्यावी. परशा निराश होऊन जीव द्यायच्या विचारापर्यंत येतो, तेव्हा त्या भागाची कल्पना मुलांना आधी द्यावी आणि नंतर बोलण्यासाठी शिक्षकाने मोकळे असावे. शेवटची मिनिटे दिवसाच्या अखेरच्या तासाला कधीही ठेवू नयेत. अजय-अतुल यांचे भव्य संगीत तिथे पूर्ण थांबते, रक्ताच्या पावलांनी लहान मूल बाहेर येते, आवाज नाही. लगेच घंटा झाली तर मुले ते ओझे एकटीच घरी नेतात.

कायदाही त्याच आठवड्यात सांगावा, आणि दोन्ही बाजूंनी सांगावा. लग्नाचे वय मुलीला 18, मुलाला 21. अठराखालच्या मुलीची संमती 2012चा पॉक्सो कायदा मानत नाही. पण दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवले तर त्यात खाप पंचायतीने वा कोणत्याही जमावाने आडवे येणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 रोजी शक्तिवाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितले. पहिला भाग शाळा आनंदाने सांगतात. दुसरा सांगताना घसा बसतो.

गृहपाठ म्हणून मी एकच विषय देतो: त्या लहान मुलाला पुढे कोणी वाढवले? शेजारणीने, अनाथाश्रमाने, परशाच्या आईबापांनी, अशी उत्तरे येतात. एकीने लिहिले होते, आर्चीच्या आईने, त्याच वाड्यात, आणि मामाला तो मामाच म्हणायचा.

राहता राहिले आपण. मराठी समाजाच्या वधू-वर मेळाव्यांचे अर्ज आपणच छापतो, आणि त्यांत पोटजातीचा रकाना असतो. मुले हे अर्ज घरात पाहतात. वर्गात चित्रपट संपल्यावर त्यांतले कोणी तो रकाना कशासाठी म्हणून विचारले, तर मी त्यांना आपल्या कार्यकारिणीकडे पाठवणार आहे. तारीख कळवीन.