स्वयंपाकाची वही आणि चार पैसे

गेल्या उन्हाळ्यात काटोल तालुक्यातल्या एका गावचे शिक्षक माझ्याकडे आले. ते माझे जुने विद्यार्थी. त्यांच्यासोबत शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एक बाई होत्या. हाताला चव अशी की गावातल्या प्रत्येक लग्नात वरणाची फोडणी त्यांचीच. बाईंचा प्रश्न सरळ होता. "सर, बचत गटातून वीस हजार उचलते अन् मोठा फोन घेते. स्वयंपाक करून दाखवला तं पैसे भेटतीन का?"

वीस हजार म्हणजे त्यांच्या घरची कितीतरी महिन्यांची मीठ-मिरची. तेव्हा उत्तर जपून द्यायला हवे होते. मी त्यांना विचारले, "तुमच्या गोळाभातात भरडा किती घेता?" त्या हसल्या. म्हणाल्या, "अंदाजानं."

श्रोतेहो, सगळी गोम या 'अंदाजानं'मध्ये आहे. माझी आईही हेच म्हणायची. ती गेल्यावर तिच्या हाताचा गोळाभात आम्हाला पुन्हा कधी साधला नाही. आपल्या समोर बसून जेवणाऱ्याला अंदाज चालतो. परंतु ज्याला आपण कधी पाहिलेही नाही, त्याच्या घरी आपला पदार्थ व्हायचा असेल तर त्याला माप लागते.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली निघाले. बाईंचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. पाकशास्त्राची पुस्तके मराठीत त्यापूर्वी नव्हती असे नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे 'गृहिणी-मित्र' १९१० सालचे आहे. पण 'रुचिरा'ने केले ते असे, की प्रत्येक घरात असणारी वाटी आणि चमचा हेच माप धरले. नव्याने संसार मांडलेल्या मुलीने पुस्तक उघडावे, वाट्या मोजाव्यात आणि पदार्थ जमावा. लाखाच्या वर प्रती खपल्या आणि कमलाबाई 'एक लाख सुनांची सासू' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मला हे नाव एखाद्या पदवीपेक्षा मोठे वाटते. (आम्हा पदवीवाल्यांची पुस्तके किती खपतात, ते न विचारलेले बरे.)

आता तुम्ही म्हणाल, ही पुस्तकांची गोष्ट झाली, आजचे दिवस चलच्चित्राचे. बरोबर आहे. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजीबाई शाळेची पायरी न चढलेल्या. २०२० साली नातवाच्या मदतीने 'आपली आजी' या नावाने त्या यूट्यूबवर स्वयंपाक दाखवू लागल्या आणि काही महिन्यांत लाखो लोक त्यांना ओळखू लागले. त्यांच्याकडे होते काय? घरचा मसाला, घरची बोली आणि चित्रण करणारा नातू. चकचकीत ओटा नव्हता. तेव्हा नव्या फोनचे कर्ज हे पहिले पाऊल नव्हे, एवढे मी बाईंना लगेच सांगितले. घरातल्या मुलाचा जुना फोन आणि दारातला सकाळचा उजेड आरंभाला पुरतो.

पैशाचा हिशेबही मी त्यांना मांडून दाखवला. शिक्षक मंडळींनी तो वर्गात गणित म्हणून घालावा. जाहिरातींतला वाटा मिळायला यूट्यूबवर हजार सदस्य हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी ४,००० तास आपले काम पाहिलेले हवे. (अगदी छोट्या चित्रफितींचा हिशेब निराळा.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. दहा मिनिटांची फीत लोक सरासरी अर्धी पाहतात असे धरले, तर ती ४८,००० वेळा पाहिली गेली पाहिजे. त्यानंतर फितीवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नाचे शेकडा ५५ आपले. म्हणजे पहिले वर्ष बहुधा कोरडेच जाणार. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा!

मग मिळकत कुठे आहे? माझ्या मते ती बाजूच्या वाटेने लवकर येते. चव पटली की लोक विचारतात, हा मसाला विकत मिळेल का, सांडगे पाठवाल का. विकायचे तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. लहान धंद्यालाही ती लागते. पुढे एखादा तेलवाला येईल, म्हणेल, आमचे नाव घ्या, पैसे देतो. घ्यावेत; पण हे पैसे घेऊन सांगते आहे, असे स्पष्ट सांगावे लागते. केंद्र सरकारने २०२३ साली याविषयी सूचना काढल्या आहेत. आणि दुसऱ्याची कृती पाहून पदार्थ करायला कोणाची हरकत नाही, परंतु त्याचे शब्द आणि छायाचित्रे उचलणे ही चोरीच होय.

आणखी एक गंमत. बाईंनी लिहिले होते, 'वरून सांबार टाकावा.' पुण्याची सून हे वाचून भातावर इडलीबरोबरची आमटी ओतील! आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला कोण सांगणार? म्हणून शब्द आपलाच ठेवावा, शेजारी अर्थ द्यावा. पुणेरी होऊ नये. पाटवडीचा रस्सा, सांभारवडी, मटक्यावरची लांब रोटी यांचे नाव काढले की परमुलखात गेलेला वऱ्हाडी-नागपुरी माणूस हातातले काम सोडून पाहतो. तो आपला पहिला गिऱ्हाईक.

बाईंनी कर्ज घेतले नाही. शिक्षकांनी त्यांना एक दोनशे पानी वही दिली. त्या सांगतात, त्यांची आठवीतली मुलगी वाटीने मोजते आणि लिहून घेते. चौदा पदार्थ झाले तेव्हा वही माझ्याकडे तपासायला आली. पत्नीने त्यावरून गोळाभात करून पाहिला. चव आईच्या हातची आली, पण गोळे भातातच फुटले. भरड्यात तेलाचे मोहन किती घालायचे, ते लिहायचे राहून गेले होते. तसे मी शिक्षकांना कळवले आहे. उत्तर येईल त्या रविवारी पुन्हा करून पाहणार आहोत.